शिकवणाऱ्याचे मन

गावच्या तालमीत संध्याकाळी तुम्ही कधी ना कधी डोकावला असाल. मधे लाल मातीचा हौदा. त्यात दोन पोरे एकमेकांच्या माना धरून झुंजत आहेत, आणि काठावर एक म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला आहे. तो फारसे बोलत नाही. मधूनच एखादा शब्द टाकतो, "पाय बघ" म्हणतो, नाहीतर नुसताच "हं" करतो. तेवढ्याने पोराचा चुकलेला पाय जागेवर येतो. पुढे जत्रेच्या फडात तोच पोरगा कुस्ती मारतो. फेटा त्याला बांधतात, खांद्यावर त्याला घेतात, ढोल त्याच्यापुढे वाजतात. वस्ताद कुठे असतो? गर्दीत मागे.

मी इतिहासाचा शिक्षक. आमच्या विषयातही असेच चालते. गड कोणी जिंकला हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. जिंकणाऱ्याच्या हातात तलवार प्रथम कोणी दिली, ती कशी धरावी हे कोणी शिकवले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. खेळाच्या इतिहासाची तर बातच सोडा. तिथे धावा, पदके आणि सेकंद एवढेच नोंदले जाते. म्हणून या लेखात तुमच्यापुढे खेळाडूंचा नव्हे, खेळाडूंना घडवणाऱ्यांचा विचार मांडणार आहे. चांगला क्रीडाशिक्षक कशाने होतो? खेळाच्या ज्ञानाने होतो हे तर झालेच. पण ते ज्ञान पुष्कळांपाशी असते, आणि तरीही शिष्य घडतात ते एखाद्याच्याच हाताखाली. हा फरक मनाचा आहे, असे माझे मत आहे.

आधी आपल्या जवळचेच एक उदाहरण घेऊ. २३ जुलै १९५२ रोजी फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. मातीत वाढलेला मल्ल, आणि तिथे उतरायचे गादीवर! मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो, नियमही निराळे. त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना शिकवले. परक्या देशाचा माणूस, भाषा निराळी, दिवस थोडे. मातीचा मल्ल गादीवर कसा उभा राहील, हे त्याने आधी पाहिले असले पाहिजे, आणि मग शिकवले असले पाहिजे.

आणि १९५२ साली, जायला पैसे नाहीत अशी वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खर्डेकर काही कुस्तीचे वस्ताद नव्हते. पण पदक मिळण्यापूर्वी, कसलाही पुरावा हाती नसताना, विद्यार्थ्यावर घर लावण्याइतका विश्वास टाकणे हा शिकवणाऱ्याच्याच जातीचा गुण आहे. मिरवणुकीत सामील व्हायला फारशी हिंमत लागत नाही. ती लागते आधी.

शिकवणारा माणूस आतून कसा होता हे जाणून घ्यायचे तर शिष्यांचीच साक्ष काढावी लागते. गुरू स्वतःबद्दल सांगत नाही, आणि सांगितलेच तर त्यावर फार विसंबू नये! ज्यांच्याबद्दल शिष्यांनी भरभरून सांगून ठेवले आहे असे एक गुरू मुंबईत होऊन गेले. त्यांचे नाव रमाकांत आचरेकर. जन्म १९३२, मूळ मालवणकडचे, नोकरी स्टेट बँकेत, आणि सारे आयुष्य दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानावर. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर, अमोल मुझुमदार ही त्यांच्या हाताखालची काही मंडळी. तुम्ही म्हणाल, क्रिकेट हा शहरी खेळ, आमच्या शाळेत बॅट एक आणि मुले ऐंशी. खरे आहे. पण मी क्रिकेटचे तंत्र सांगणार नाही. जे सांगणार आहे ते खो-खोच्या खांबापाशीही लागू पडते.

पहिली गोष्ट अशी, की आचरेकर स्वतः मोठे खेळाडू नव्हते. प्रथम दर्जाचा म्हणतात असा त्यांचा सामना एकच. तो १९६३ साली मोइनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध झाला. बस्स. पुढे ज्या माणसाच्या हाताखालून भारताचे डझनभर खेळाडू गेले, त्याच्या नावावर एक सामना! याचे पुष्कळांना नवल वाटते. मला तितके वाटत नाही. ज्याला एखादी गोष्ट उपजत येते त्याला ती कशी येते हे सांगता येत नाही. पोहणाऱ्या माशाला पोहण्याचे धडे द्यायला सांगा, तो गोंधळून जाईल. उलट ज्याने धडपडून शिकले, जो अडला आणि का अडलो याचा विचार करीत बसला, त्याला अडण्याच्या साऱ्या जागा माहीत असतात. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मास्तर ढ मुलावर चिडतो, हा आपला शाळेतला अनुभव आहेच.

मात्र इथे एक धोका असतो. स्वतःचे राहून गेलेले स्वप्न माणसाला कडवट करते. अशा माणसाला शिष्याची प्रगती पाहून आनंद होतो, आणि त्याच आनंदाच्या पोटात एक बारीक कळही उठते. आपल्या तालमींत एक गोष्ट सांगतात. वस्तादाने पठ्ठ्याला सगळे डाव शिकवले, एक तेवढा राखून ठेवला. पुढे पठ्ठा माजला, वस्तादालाच आव्हान देऊन बसला, तेव्हा म्हाताऱ्याने तो राखलेला डाव टाकून त्याला आसमान दाखवले. लोक ही गोष्ट वस्तादाच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला मात्र ती भीतीची गोष्ट वाटते. ज्याच्या मनात पहिल्या दिवसापासून शिष्याशी लढायची तयारी आहे, तो शिकवणार तरी काय? सगळीकडे जय मागावा, पण पोराकडून आणि शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी, असे आपले जुने लोक सांगत आले. ते सांगावे लागले, यातच सारे आले. आपोआप कोणाला तसे वाटत नाही.

आता झाडाची गोष्ट. १९८४ चा उन्हाळा. अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा थोरला भाऊ अजित शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे घेऊन गेला. पोरगा नेटमध्ये उभा राहिला. समोर सर, आजूबाजूला अनोळखी मोठी मुले. सगळ्यांचे डोळे आपल्यावर. त्याला काही केल्या नेहमीसारखे खेळता येईना. सरांना तो काही खास वाटला नाही. वयाने अजून लहान आहे, नंतर आणा, असा सूर निघाला. तेव्हा अजितने विनंती केली की, सर, तुम्ही समोर आहात म्हणून तो बुजला आहे. तुम्ही जरा दूर जाऊन पाहा. आचरेकरांनी काय करावे? त्यांनी निघून गेल्याचे सोंग केले, आणि एका झाडाआड उभे राहून पाहिले. कोणी पाहत नाही असे वाटल्यावर पोरगा मोकळा झाला, आणि त्याला प्रवेश मिळाला.

या गोष्टीत लोकांना सचिनचे भाग्य दिसते. मला दिसतो तो सरांचा गुण, आणि तो फार दुर्मीळ आहे. शेकडो मुले पाहिलेला जाणता माणूस, त्याचा निर्णय झालेला, आणि त्याला एक तरुण मुलगा सांगतो की तुमचा निर्णय चुकला, कारण तुमच्या असण्यानेच परीक्षा बिघडली. किती शिक्षक हे ऐकून घेतील? "मला शिकवतोस?" हे आपले पहिले उत्तर. आचरेकरांनी मान बाजूला ठेवला आणि झाडामागे गेले. पुढेही झाडाआडून पाहण्याची ही सवय त्यांनी ठेवली. मुलांच्या चुका ते लपून टिपून ठेवत आणि मग एकेकाला सांगत, असे तेंडुलकरांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

शिक्षक बंधूंना हे अधिक सांगायला नको. तपासणीला साहेब आले की आपला वर्ग कसा होतो? जो मुलगा एरवी घडाघडा बोलतो त्याच्या तोंडाला कुलूप, आणि दोन ओळी पाठ केलेला पुढे पुढे. साहेब गेल्यावर शाळा पुन्हा शाळा होते. परीक्षकाने पाहिले ते खोटे नव्हते. पण ते त्याच्या येण्याने तयार झालेले होते. चांगला क्रीडाशिक्षक हे ओळखून असतो. मैदानावर शिट्टी फुंकून मुलांना रांगेत उभे करतो तेव्हा तो थोडेच पाहत असतो. मधल्या सुट्टीत, विहिरीवर पाणी शेंदताना, चिंचेवर चढताना मुले कशी हलतात, कोण पडल्यावर रडत बसतो आणि कोण पुन्हा चढतो, हे ज्याच्या नजरेत राहते त्याला संघ निवडायला कागद लागत नाही.

दुसरी गोष्ट रुपयाच्या नाण्याची. ती आता जवळजवळ दंतकथा झाली आहे. पण तिच्यातली युक्ती नीट उलगडून कोणी सांगत नाही. सरावाचा दिवस संपत आला, पोरगा दमून गेला, की आचरेकर मधल्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचा रुपया. कोणालाच जमले नाही तर रुपया सचिनचा. मैदानावरची सारी मुले क्षेत्ररक्षणाला. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत, आणि आपल्याला ती फार मोलाची वाटतात असे ते सांगतात.

आता पाहा, रुपयाच का? दहाची नोट ठेवली असती तर मुले पैशासाठी खेळली असती, हरणाऱ्याला घरी जाताना वाईट वाटले असते, मारामाऱ्याही झाल्या असत्या. रुपया इतका लहान, की त्याची हाव सुटू नये, आणि इतका खरा, की खेळ नुसता लुटुपुटूचा राहू नये. आणि वेळ कोणती? दमल्यानंतरची. ताजातवाना असताना कोणीही सावध असतो. हात जड झाले, डोळ्यांवर ऊन आले, घरची आठवण यायला लागली की मन सैल होते, आणि सामन्यात माणूस बाद होतो तो तेव्हाच. सरांनी शिक्षा केली नाही, उपदेश केला नाही. थकलेल्या मनाला जागे राहण्याचे एक कारण दिले. यानंतर पॅड आणि हातमोजे तसेच ठेवून शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायला लावीत, तो भाग निराळा. त्यात मानसशास्त्र कमी आणि पायांची मशागत जास्त!

सामन्यांचेही तसेच. नेटमध्ये चूक झाली तर पुढचा चेंडू येतोच. सामन्यात चूक झाली की तंबूत जाऊन बसावे लागते. म्हणून आचरेकरांचा भर सामन्यांवर. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचे तेंडुलकरांनी नोंदवले आहे. एका मैदानावरचा डाव संपला की सर आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. नोकरी करणारा माणूस पदरचा वेळ आणि पेट्रोल घालून दुसऱ्याचे पोर स्कूटरवरून हिंडवतो, हे त्या पोराला कळत नसेल असे थोडेच आहे? शब्दांनी जे सांगितले नाही ते स्कूटरने सांगितले.

कारण शब्दांनी ते खरोखरच सांगत नसत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना तेंडुलकरांनी सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही मला चांगला खेळलास असे म्हटले नाही. मी हुरळून जाईन, मेहनत सोडीन, अशी त्यांना भीती होती. आता मी पुढे एकही सामना खेळणार नाही, तेव्हा सरांनी म्हणायला हरकत नाही, असेही ते हसत म्हणाले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले.

इथे मात्र मला थोडे थांबायचे आहे. ही गोष्ट ऐकून एखादा गुरुजी उद्यापासून मुलांचे कौतुक बंद करील, अशी मला धास्ती वाटते. तसेच त्या चापटीचे. एकदा सचिन आपला सराव सामना सोडून वानखेडेवर मोठ्या मुलांचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला गेला. तिथे सर भेटले. त्यांनी एक ठेवून दिली. हातातला डबा उडाला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असा खेळ, असे त्यांनी बजावले. तेंडुलकर ही आठवण कृतज्ञतेने सांगतात. पण ज्यांना मार बसला आणि जे मैदानावर पुन्हा फिरकलेच नाहीत, त्यांच्या आठवणी ऐकायला भाषणे होत नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांवर हात उगारायला बंदी घातली, ती योग्यच आहे. त्या दिवशी जे शिकवले ते शब्दांनी शिकवले; चापटीचे श्रेय तिला देऊ नये. आणि कौतुक न करणे पचले ते अशासाठी, की घरी समजूतदार वडील होते, सावलीसारखा भाऊ होता, आणि मागे स्कूटर होती. ज्याला घरीही कोणी बरे म्हणत नाही अशा मुलाला मैदानावरही कोणी बरे म्हटले नाही तर तो कशाच्या बळावर उभा राहील? एकाला चाबूक लागतो, एकाला चारा. बैल ओळखणारा शेतकरी हे जाणतो, आणि दोन्ही बैल एकाच जुवाला असतात.

आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाच्या शिक्षकांसाठी हा पुरस्कार सरकारने १९८५ साली सुरू केला, आणि पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे होते. पुरस्काराच्या नावाची मला नेहमी गंमत वाटते. द्रोणाचार्य मोठे गुरू खरेच. पण त्यांनी एका शिष्याला वचन देऊन ठेवले की तुझ्यासारखा दुसरा होणार नाही, आणि ते खरे ठेवण्यासाठी दुसऱ्याचा अंगठा मागितला. लाडका शिष्य असणे हा काही दोष नव्हे, तो प्रत्येक शिक्षकाला असतो. त्याच्यासाठी दुसऱ्याचा अंगठा मागायची पाळी कधी येते, यावर डोळा ठेवावा लागतो. शाळेच्या संघात सरपंचांचा मुलगा घ्यायचा म्हणून वाडीवरच्या पोराला बाहेर बसवणे, हासुद्धा अंगठाच.

शिवाजी पार्कच्या त्या शाळेत सगळ्यांनाच जागा मिळाली, पण सगळ्यांचे नशीब सारखे निघाले नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद या दोघांनी आझाद मैदानावर न बाद ६६४ धावांची भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. थांबा, डाव सोडा, असे निरोप येत होते आणि पोरे न ऐकल्यासारखे करून खेळत होती! पुढे कांबळींनी १९९३ साली ओळीने दोन कसोटींत द्विशतके केली. त्यांची कसोटीतली सरासरी ५४ च्या वर आहे. पण १७ कसोटी झाल्या आणि १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत. दोघेही एकाच नेटमधले, गुरू एकच. शिक्षकाचा हात मैदानाच्या कडेपर्यंत पोचतो, पलीकडे पोचत नाही. हे ज्याला मान्य नसते तो शिष्याच्या यशाचे श्रेय सगळे घेतो आणि अपयशाचा दोष सगळा शिष्यावर टाकतो.

आणि त्या दिवशी तिसरा एक मुलगा होता, अमोल मुझुमदार. त्याची खेळायची पाळी पुढची. तो पॅड बांधून बसला, आणि बसूनच राहिला. त्याची पाळी आली नाही. पुढे १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा. तरी भारताची टोपी कधी मिळाली नाही. वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याला सांगावे लागत नाही असा माणूस.

हे मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ लागोपाठ तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिकेकडून, ऑस्ट्रेलियाकडून, आणि इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवले होते. मग तिला परत घेतले, आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या धावा ३३८. डोंगरच म्हणायचा. मध्यंतरात मुझुमदारांनी खोलीतल्या फळ्यावर एवढेच लिहिले, की अंतिम सामन्यात जायला आपल्याला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. तीनशे एकोणचाळीस हा आकडा डोळ्यांपुढून हलला आणि तिथे एक उरला. भूमिती शिकवणारा चांगला मास्तर अवघड प्रमेयाला हेच करतो. जेमिमाने नाबाद १२७ धावा काढल्या.

मुझुमदारांच्याही आधी, आचरेकरांचे आणखी एक शिष्य चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाच्या संघाकडे तोवर कोणी फारसे वळूनही पाहत नव्हते. पंडित कडक शिस्तीचे; त्यांच्या हाताखाली राहणे सोपे नाही असे म्हणतात. १९९९ साली बंगळूरच्या मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी संघ कोसळला आणि अंतिम सामना गेला. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि राज्याचा पहिला रणजी करंडक मिळवला. समोरची मुंबई ही पंडितांची आपलीच. तिथेच ते शिकले. या वेळी ते मैदानात नव्हते, बाहेर होते. विजयाची धाव निघाली तेव्हा हा कडक माणूस रडला.

मुझुमदारांचा संघ २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वविजेता झाला. भारतीय महिलांचे हे पहिलेच विश्वविजेतेपद. मैदानावर धावाधाव सुरू होती. कर्णधार हरमनप्रीत कौर त्या गर्दीतून मुझुमदारांपाशी आली, आणि खाली वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.